तळं सगळ्यांचं, बांध माझा

...नाही, नाही, तुम्हीच मला सांगा, तळं सगळ्यांचं आणि बांध माझा, ही कुठली रीत? म्हणजे पोहायला अकरा माणसं, होडीत बसायला अकरा माणसं, काठावर सतरंजी टाकून डाळ-कैरी खायला अकरा माणसं अधिक त्यांची अकरा बिऱ्हाडं अधिक डोंबिवलीला हवापालट करायला आलेले त्यांचे पाहुणे, आणि बांधातून एक थेंब पाझरला की सगळ्यांची बोटं माझ्याकडे! 'त्र्यंबकराव, तुमचा बांध गळतोय हो!' माझा बांध! आणि आत भरलेलं पाणी? ते मंडळाचं! ...आता तुम्ही म्हणाल, हा नियम केला कुणी? तेच तर सांगतोय. नियम मीच केला. लेखी केला. इतका पक्का केला की आता माझ्या बापालाही तो मोडता येणार नाही.

कारण तुम्हाला सांगतो, कागदाच्या बाबतीत माझा हात धरणारा माणूस ठाणे जिल्ह्यात नाही. तेहतीस वर्षं मी ठाण्याच्या कचेरीत जमिनीचे नकाशे सांभाळले. कुणाची हद्द कुठे संपते हे मी झोपेत सांगतो, आमच्या प्रमोदिनीला विचारा, खरंच झोपेत सांगतो. पण गंमत अशी, की तेहतीस वर्षं दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या आणि स्वतः राहिलो भाड्याच्या दोन खोल्यांत, मोरीसुद्धा शेजाऱ्याबरोबर. स्वतःचं म्हणावं असं एकच, मानपाड्याचा माळ. मामाकडून आलेला. माळ कसला, कातळ आणि करवंदीच्या जाळ्या, आणि मधून एक ओढा, पावसाळ्यात तुडुंब आणि होळीला खडखडीत. ओढ्याच्या खालच्या अंगाला गुणाजीचं घर आणि त्याचं भाताचं शेत. बस. एवढंच माझं संस्थान.

तर बावन्न साली आमचे विश्रामराव, निवृत्त हेडमास्तर, अजून कुणाशीही बोलताना वर्गाशी बोलल्यासारखे बोलतात, ते एकदा तिथे फिरायला आले आणि ओढ्याकडे काठी रोखून म्हणाले, 'त्र्यंबकराव! हा ओढा अडवला तर काय होईल?' मी म्हटलं, 'पाणी साठेल.' 'शाबास! आणि पाणी साठलं तर?' म्हटलं, 'तळं होईल.' 'शाबास! बसा खाली!' आणि तुम्हाला सांगतो, मी खरोखरच खाली बसलो! तिथल्या तिथे जलविहार मंडळ स्थापन, विश्रामराव अध्यक्ष, अकरा सभासद, आणि करारनामा करायचं काम माझ्याकडे. मी म्हटलं, थांब त्र्यंबका, ही अकरा माणसं आज बांध घालतील आणि उद्या म्हणतील माळही आमचाच. मग मी कलम चार घातलं. 'पाणी, मासे, होडी व विहाराचा आनंद मंडळाचा राहील. बांध मात्र कायम व संपूर्णपणे जमीनमालकाच्या मालकीचा राहील.' कायम! व संपूर्णपणे! वाचून दाखवलं तेव्हा अकराच्या अकरा माना डोलल्या. मला वाटलं, जिंकलो! आता कळतंय, त्या माना इतक्या पटापट का डोलल्या... तळं सगळ्यांचं, बांध माझा!

बांध घातला गुणाजीने. त्याची सासुरवाडी कोलशेतची, मिठागरांचे आणि खाडीचे बांध घालण्यात त्याची हयात गेलेली, माती नुसती चिमटीत धरून सांगणार की ही टिकेल, ही वाहून जाईल. उन्हाळाभर त्याची माणसं राबली, दोन पुरुष उंच बांध झाला, आणि डाव्या टोकाला त्याने तीन हात रुंद जागा मोकळी सोडली. सांडवा! जास्तीचं पाणी तिथून निघून जायला. मी आपला डौलात विचारलं, 'गुणाजी, इथे काम अर्धवट का ठेवलंस रे?' तो हसला, म्हणाला, 'मालक, तो पान्याचा दरवाजा. घराला दार ठेवता ना? तसा पान्याला पन लागतो. नायतं मग पानी भित फोरून जातो.' मालक म्हणाला मला! जन्मात पहिल्यांदा कुणी मला मालक म्हणालं. मी लगेच दगडावर कोरून घेतलं, 'हा बांध त्र्यंबकराव यांच्या खाजगी मालकीचा आहे. यावर धावू नये.' आणि सुरुवातीला संध्याकाळी तिथे जाऊन कुणी धावतंय का ते बघत बसायचो. कुणी धावलं नाही तर वाईट वाटायचं.

पहिलं वर्ष काय वर्णावं! होडी आली, सूर मारायला फळी आली, विश्रामराव धोतराचा काचा मारून पाण्यात उतरायचे आणि काठावरच्यांना पोहण्याचे नियम सांगायचे. बायका म्हणायच्या, आपलं तळं! कुणीही पाहुणा आला की, चला, आमचं तळं दाखवतो! मी तिथे दगडापाशी उभा. कुणी म्हणालं का, हा यांचा बांध? छे! पण मी मोठ्या मनाचा माणूस, म्हटलं असू दे.

दुसऱ्या वर्षी आमच्या सुधीरला सुचले मासे. सुधीर म्हणजे मंडळाचा सायन्सवाला, एका कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरी, बोलताना दर वाक्याला 'प्रूव्ह झालेलं आहे.' 'तात्या, मासे डासांची अंडी खातात, हे प्रूव्ह झालेलं आहे.' म्हटलं, सोड बाबा. मडक्यातून पिल्लं आणली, सोडली, वाढली, आणि ज्येष्ठात पहिला जोराचा पाऊस पडला तशी सांडव्यावरून उड्या मारत निघून गेली खाली. खाली कुठे? गुणाजीच्या शेतात! तिथे गुणाजीची बायको शेवंती टोपली घेऊन उभीच होती. चार दिवस त्या घरातून कालवणाचा असा काही वास सुटला, की आमचे काही शाकाहारी सभासददेखील त्या बाजूने फिरायला जायला लागले. नावं सांगत नाही. सुधीर मात्र तापला. 'तात्या, हे मंडळाचे मासे आहेत! सांडव्याला जाळी मारली पाहिजे! लोखंडी! सिमेंटात बसवून!' आता सांडवा हा बांधाचा भाग, म्हणजे माझा. परवानगी कुणाची लागणार? माझी. आणि दिली कुणी? मीच! लेखी दिली, तारीख घालून दिली, खाली 'मालक' लिहून दोनदा अधोरेखित केलं.

गुणाजी धावत आला. 'मालक, दरवाज्याला जाली मारलीव तुमी? कचरा अरकंल, पानी तुंबंल. माझा घर खाली हाय, मालक.' आणि मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, 'गुणाजी, तेहतीस वर्षं मी कचेरीत काढली आहेत.' ...आता तेहतीस वर्षांच्या कचेरीचा आणि पाणी तुंबण्याचा संबंध काय, हे त्यानेही विचारलं नाही आणि माझ्याही लक्षात आलं नाही. गेला बिचारा मान हलवत.

आणि मग आला भाद्रपद. तुम्हाला सांगतो, इतकी वर्षं आमच्या सगळ्यांचे गणपती विहिरीवर जायचे. पण आता घरचं तळं असताना विहीर? छट्! विश्रामरावांनी फर्मान काढलं, यंदा विसर्जन आपल्या तळ्यात. अकरा सभासदांचे अकरा, त्यांच्या मेहुण्यांचे, व्याह्यांचे, शेजाऱ्यांचे मिळून बावीस गणपती, शिवाय गौरी, आणि त्यांच्याबरोबर पाच दिवसांचं निर्माल्य! हार काय, दूर्वांच्या जुड्या काय, केळीचे खांब काय, पत्री, कमळं, आंब्याचे टाळे... टोपल्याच्या टोपल्या! आणि पाऊस? तीन दिवस सूर्य नाही! विसर्जनाच्या दुपारी मंडळी छत्र्या सांभाळत आली, आरत्या झाल्या, 'पुढच्या वर्षी लवकर या' झालं, बाप्पा पाण्यात गेले, निर्माल्यही पाण्यात गेलं, आणि ते सगळं निर्माल्य तरंगत तरंगत, अगदी रांगेने म्हणा ना, निघालं सांडव्याकडे आणि बसलं जाळीवर! अर्ध्या तासात जाळी दिसेना. नुसती फुलांची भिंत! बायका म्हणाल्या, अगंबाई, किती छान दिसतंय!

एवढ्यात गुणाजी खालून ओरडत आला. 'मालक! पानी चरलाय! बांदाच्या माथ्याला चार बोटां उरलीत! ती जाली साफ करा आदी!' आम्ही सगळे गेलो सांडव्यापाशी. सुधीरने धोतर खोचलं, पाय उचलला आणि... विश्रामराव कडाडले, 'थांब! निर्माल्याला पाय लावतोस?' सुधीरचा पाय हवेत. म्हटलं, बरं, हाताने काढू. 'त्र्यंबकराव! विसर्जन केलेली वस्तू परत बाहेर काढतात? शास्त्र काय सांगतं?' कुणीतरी म्हणालं, काठीने ढोसलं तर? 'काठी कशाची?' छत्रीची. 'छत्रीचं टोक रस्त्यावर टेकतं. विटाळलं!' एकजण म्हणाला, सोवळ्यात काढलं तर चालेल. मग सोवळं कुणाकडे आहे? भर पावसात सोवळं! मग ओलेत्याने चालतं की नाही? सगळे भिजलेलेच होते, म्हणजे सगळे ओलेते झाले की नाही? यावर दोन पक्ष पडले! तुम्हाला सांगतो, अशी सभा मंडळात आजवर झाली नव्हती, आणि सभा चालू असताना चार बोटांची तीन बोटं झाली.

शेवटी मी म्हटलं, गेलं खड्ड्यात शास्त्र! घातला हात. बाप्पाची मनातल्या मनात माफी मागितली आणि हार उपसायला लागलो. अहो, पण एक हार काढावा तर मागून चार येत होते, केळीचे खांब जाळीत असे आडवे बसलेले की हलेनात. म्हटलं, जाळीच उखडा! सुधीर म्हणतो, 'तात्या, सिमेंट एकास तीन आहे. उखडणार नाही, हे प्रूव्ह...' म्हटलं, गप्प बस!

आणि मग मी सगळ्यांकडे वळून विचारलं, 'मंडळी, काय करायचं?' झालं!  विश्रामराव घसा खाकरून म्हणाले, 'त्र्यंबकराव, कलम चार.' सगळे म्हणाले, 'हो, कलम चार!' ज्यांनी कधी करारनामा वाचला नव्हता त्यांनाही कलम चार पाठ! 'पाण्याबद्दल काही असेल तर विचारा, पण हा प्रश्न बांधाचा आहे.' तळं सगळ्यांचं, बांध माझा!

गुणाजीने माझा दंड धरला. आजवर त्याने मला कधी शिवलं नव्हतं. म्हणाला, 'मालक, बांद मधे फुटला तं सगला पानी माझ्या घरावं येल. माझी म्हातारी आय आत हाय, तिला उचलून न्यायला येळ नाय. उजव्या टोकाला तोरा. तिथं खाली कातळ हाय, पानी हलू हलू उतरंल, माळावरशी जाईल, घराला लागनार नाय.' म्हटलं, मग तोड ना बाबा, वाट कसली बघतोस? तर म्हणतो, 'मी कसा तोरू? बांद तुमचा. आमच्यात दुसऱ्याच्या बांदाला कुदळ लावीत नाय, मेलो तरी नाय. पयला घाव मालकाचा.' आणि कुदळ माझ्या हातात!

मी खाली बघितलं. शेवंती अंगणात उभी होती, डोक्यावर भांड्यांचं बोचकं, काखेत कोंबडी, आणि वर बघत होती. कुणाकडे? अध्यक्षांकडे नाही, सायन्सवाल्याकडे नाही, माझ्याकडे. तिला कलम चार ठाऊक नव्हतं, पण मालक कोण ते बरोबर ठाऊक होतं. आणि तुम्हाला खरं सांगतो, माझं आयुष्यातलं एकुलतं एक स्वतःचं बांधकाम हो ते! त्याचा दगड न् दगड मी ओळखत होतो. प्रमोदिनी मागून हळूच म्हणाली, 'अहो, बघत काय बसलात? म्हातारी आत आहे ना!' तिचं ते 'अहो' ऐकलं आणि धावलो. बांधावरून धावलो! 'यावर धावू नये' लिहिलेल्या दगडावर पाय देऊन धावलो! उजव्या टोकाला गेलो आणि घातला घाव. दुसरा घातला. तिसऱ्याला गुणाजीची माणसं आली, आणि मग काय, हातभर चर पडला, पाण्याने तो वावभर, चांगला चार हात रुंद केला, आणि निघालं की हो माझं तळं कातळावरून घसरत, लालभडक, माळावर! गुणाजी म्हणाला होता अगदी तसंच. घराच्या ओट्याला शिवलंदेखील नाही. भाताची एक लोंबी आडवी झाली नाही. शेवंतीने बोचकं खाली ठेवलं, कोंबडी सोडली, आणि आत गेली चूल पेटवायला. मी चिखलात उभा राहून रडलो, मग हसलो, मला लाज नाही वाटत सांगायला. बांध गेल्याचं दुःख होतं आणि ती चूल पेटल्याचा आनंद होता, आणि दोन्ही एकदम.

पण थांबा, संपलं कुठे? पाणी उतरत गेलं, उतरत गेलं... आणि आधी एक मुकुट दिसला. मग एक सोंड. मग दुसरी! बावीसच्या बावीस बाप्पा चिखलात बसलेले, रंग उतरलेले, काहींचे कान गेलेले, पण प्रसन्न! 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हटलं होतं, आणि बाप्पा दीड तासात परत! सगळी मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. मी म्हटलं, आता सापडलात! 'विश्रामराव, बाप्पा बांधावर नाहीत हं. तळ्यात आहेत. आणि तळं कुणाचं?' विश्रामरावांनी एकदा चिखलातल्या बाप्पांकडे बघितलं. पण हेडमास्तर तो हेडमास्तर! म्हणाले, 'त्र्यंबकराव, तळं म्हणजे काय? साठलेलं पाणी. पाणी आहे का? नाही. म्हणजे तळं नाही. मग उरलं काय?' माझ्या तोंडून सवयीने उत्तर गेलं, 'जमीन.' 'शाबास! जमीन कुणाची?' ...आणि तुम्हाला सांगतो, छत्र्या उघडून अकरा बिऱ्हाडं गेली घरोघर मोदक खायला!

प्रमोदिनी पदर खोचून म्हणाली, 'आपल्या जागेत आलेत, म्हणजे आपले पाहुणे. नैवेद्याशिवाय कसे जातील?' बावीस पाहुणे! तिने शेवंतीच्या चुलीवर तांदळाची खीर केली, मी बावीस वेळा आरती म्हटली, शेवटी शेवटी आवाज बसला तर गुणाजीने उचलून धरली, आणि दिवस मावळायच्या आत त्याची माणसं एकेक मूर्ती डोक्यावर घेऊन ओढ्याच्या पुढच्या डोहावर पोचवून आली. एकाही मूर्तीला धक्का नाही. सभासद एक आला नाही. चिठ्ठी मात्र आली, दुसऱ्या दिवशी. बांधाला पडलेल्या खिंडारामुळे फेरफटक्याची वाट तुटली असून मालकांनी लवकर बंदोबस्त करावा!

आणि आठवड्याने आला पंचनामा. तलाठी कोण? आनंद! माझ्याच हाताखाली नकाशे जुळवायला शिकलेला मुलगा, आता मिशीबिशी राखलेली, पण मला अजून साहेब म्हणतो. दगडावर कागद पसरून बसला. 'साहेब, नाइलाज आहे, वरून विचारणा आलीय. बांधाचे मालक?' म्हटलं, मी. 'बांध कुणी तोडला?' म्हटलं, मी. 'कुणाच्या परवानगीने?' माझ्या. 'नुकसान कुणाचं झालं?' अरे, माझंच की! आनंदची लेखणी थांबली. 'साहेब, एवढं नुकसान झालंय म्हटल्यावर तक्रारदार लागतो. तक्रारदाराशिवाय कागद पुढे सरकत नाही, तुम्हीच शिकवलंत.' खरंच मीच शिकवलं होतं! अकरा सभासदांना विचारलं, सगळे म्हणाले, आमची कुणाबद्दल काहीच तक्रार नाही, आम्ही सुखी आहोत. गुणाजीला विचारलं तर तो म्हणाला, 'मालकांची तक्रार? मी करीन? माझी म्हातारी मारंल मना!' मग राहिलं कोण? म्हटलं, लिही आनंदा, त्र्यंबकरावांची त्र्यंबकरावांविरुद्ध सक्त तक्रार आहे. त्याने निमूटपणे लिहिलं, शाई सुकायला वर वाळू टाकली, आणि मान वर न करता शेवटचा रकाना विचारला, 'साहेब, उभयपक्षी समेटाची काही शक्यता?'

म्हटलं, 'लिही, कठीण आहे. दोन्ही पक्ष महाहट्टी, आणि त्यातून एकाच घरात राहणारे!'